फोड म्हटलेल्या बाटल्या

आमच्या थोरल्या जाऊबाई नाकावर माशी बसू देत नाहीत, हे मला लग्न होऊन त्या घरात आल्याबरोबर कळलं. त्या नाकाला इतरांच्या नाकांपेक्षा जास्त कळतं, हे कळायला आणखी थोडा वेळ लागला. मी खोलीत माझी पेटी उघडून बसले होते. जाऊबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि आत पाऊलही न टाकता म्हणाल्या, "तुझ्या आईनं डांबराच्या गोळ्या अगदी सढळ हातानं घातल्यात. सगळं उन्हात टाक. आणि खालच्या चादरीत साबणाची वडी गुंडाळलीयस ती ओली आहे, काढ." वडी होती, आणि ओलीही होती. मला इतका राग आला की मी ती मुद्दाम काढली नाही. चादरीला पडलेला डाग अजून आहे.

घरात त्या नाकाचं कौतुक कुणालाच नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, हिचं नाक म्हणजे घरात बसवलेला फौजदार. थोरले भावजी बर्फाच्या कारखान्यात रखवालदार होते. ते बाहेर सिगरेट ओढायचे आणि जिना चढताना लवंग चघळायचे. जाऊबाई भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणायच्या, "लवंग आणि सिगरेट." शेवटी भावजींनी लवंग सोडली. नासू लागलेलं दूध, शेजारच्यांच्या माळ्यावर मेलेला उंदीर, न धुताच घडी घालून ठेवलेला सदरा, सगळं जाऊबाईंना आधी कळायचं, आणि कळलं की त्या बोलायच्या. मग लोक तोंडं वाकडी करायचे आणि म्हणायचे, हिला जिथे तिथे नाक खुपसायची सवय. मीही म्हणायचे. खोटं का सांगू, मला त्यांचा जाचच वाटायचा.

मग कारखाना बंद पडला. भावजींकडे किल्ल्यांचा जुडगा तेवढा उरला, कारण राखण्यासारखं काही नसताना मालकानं त्यांना राखणीला ठेवलं होतं.

आमचा बाजार पुढून कसा छान नटलेला असतो. मागच्या गल्लीत मात्र प्रत्येक दुकानाची लाज उघडी पडलेली असायची. तेलाचं दुकान, सरबतांचं, मधाचं, औषधांचं, रंगांचं, सगळ्यांच्या बाटल्या तिथे येऊन पडायच्या, निम्म्या फुटलेल्या. सकाळी गाडी यायची, काच भरायची आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतून यायची. खड्डा भरला की दुसरा खणायचे. तेलवाले काका व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या दुकानात झाडलोट करणाऱ्या बाईंचा तळवा काचेनं उभा चिरला. काका त्यांना स्वतः दवाखान्यात घेऊन गेले, टाके पडेपर्यंत शेजारी उभे राहिले, आणि परत आल्यावर मंडळाला म्हणाले, "माझ्या दुकानातून गेलेली बाटली माझ्याच दुकानात परत यायला हवी. ती खड्ड्यात का म्हणून जावी?"

तशी योजना झाली. गिऱ्हाइकानं रिकामी बाटली आणून दिली की पुढच्या खरेदीत थोडी सूट. दुकानांनी बाटल्या पेट्यांत जमवायच्या, हातगाडीवाल्यानं त्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये आणायच्या, तिथे धुवायच्या आणि ज्याला ज्या हव्या त्या परत पाठवायच्या. ज्या उपयोगाच्या नाहीत त्या पिंपात फोडून काचेच्या भट्टीकडे. कागदावर सगळं झकास होतं.

पण घरात गेलेली बाटली रिकामी राहते थोडीच! तेल संपलं की कुणी तिच्यात रॉकेल भरतं, कुणी फिनेल, कुणी झुरळांचं औषध. ते संपलं की विसळून देतात दुकानात परत. धुतल्यावर सगळ्या बाटल्या सारख्याच चकचकीत दिसतात. मधवालीनं एक बाटली भरली आणि विकायच्या आधी सहज झाकण उघडलं तर आतून फिनेल घमघमलं. ती वेळीच सापडली म्हणून बरं. मंडळात सगळ्यांचे चेहरे पडले. योजना तिथेच गुंडाळायची वेळ आली होती. किल्ली द्यायला आलेले भावजी दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आमच्या घरी एक नाक आहे. फुकट जातंय."

असं जाऊबाईंचं नाक कामाला लागलं. ब्रश मारायला आणि गरम पाणी बघायला आणखी एक बाई हवी होती, म्हणून मीही गेले.

शेडच्या खिडकीशी त्यांची खुर्ची होती. काकांनी आपल्या दुकानातली दिली होती, गादीची. जाऊबाईंचं काम बघण्यासारखं असायचं. बाटली हातात घेतली की आधी श्वास बाजूला बाहेर सोडायच्या, मग झाकण काढायच्या, बाटलीचं तोंड नाकाखालून एकदाच फिरवायच्या, डोळे मिटायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "तेल." "गोड." "आंबट." "फोड." समोर चार पेट्या. त्या बोलायच्या आणि मी बाटली त्या त्या पेटीत ठेवायची. तेल म्हणजे सोड्याच्या उकळत्या पाण्यात, गोड म्हणजे नुसत्या गरम पाण्यात, आंबट म्हणजे दोनदा धुवायची, आणि फोड म्हणजे पिंपात. एकदा लय लागली की आमच्यात दुसरं बोलणंच नसायचं. घरात एकमेकींना टोमणे मारणाऱ्या आम्ही दोघी, पण शेडमध्ये जणू एकाच बाईचं नाक आणि हात.

नियम कडक होते. मला केसांना तेल लावून यायची बंदी. हातगाडीवाला सिगरेट ओढून आला तर त्यानं अंगणातच उभं राहायचं आणि पेट्या तिथूनच सरकवायच्या. तो म्हणायचा, "नाकवाल्या बाई, तुमच्यापेक्षा माझी सासू बरी." बाजारात तेच नाव पडलं, नाकवाल्या बाई. सरबतवाले भाऊ जरा तिरसट गृहस्थ, पण नवीन सरबत केलं की आधी वाटीभर घेऊन शेडमध्ये यायचे. जाऊबाई वाटी नाकाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "साखर जळलीय जरा." ते तणतणत जायचे आणि नवीन घाणा काढायचे. संध्याकाळी जाऊबाई घरी यायच्या त्या नाक वर करून. मी त्यांची नक्कल करून माझ्या नवऱ्याला हसवायचे. पण खरं सांगते, त्यांना तसं चालताना बघून मला बरं वाटायचं. इतकी वर्षं ज्या नाकापायी बोलणी खाल्ली, त्या नाकाला आता खुर्ची मिळाली होती.

मग तापाची साथ आली. गल्लीतल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी झोपलं. जाऊबाईंनाही धरलं, चांगलंच धरलं, आणि सोडलंही. त्या पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्या.

आल्या त्या दिवसापासून काहीतरी बिनसलं होतं. बाटली हातात घेतली की त्या ती उजेडाकडे धरायच्या. चिकटलेल्या कागदाचे उरलेले कपटे नखानं खरवडून बघायच्या. बोट आत घालून चिकट लागतं का पाहायच्या. आणि जे आजवर कधीच विचारलं नव्हतं ते विचारायच्या, "ही पेटी कुठल्या दुकानाची गं?" मी सांगायचे. मग झाकण, श्वास, डोळे मिटणं, सगळं नेहमीसारखं, आणि शब्द. पण तो शब्द बहुतेक वेळा एकच यायला लागला. फोड. फोड. फोड.

"अहो, इतकी घाण कशी येतेय हल्ली?" मी विचारलं.

"लोक बिघडलेत," त्या म्हणाल्या.

पूर्वी फोडायचं काम माझं असायचं. आता त्या म्हणायला लागल्या, "राहू दे, तू घरी जाऊन चुलीचं बघ. मी फोडते." खांदे भरून येणारं काम आपणहून कुणी काढून घेतलं तर मी कशाला नाही म्हणू? मी पिशवी उचलायचे आणि निघायचे.

सरबतवाल्यांना बाटल्या कमी पडायला लागल्या. मधवालीला तर मिळेनाच झाल्या. तिनं नव्या बाटल्या मागवल्या, आणि नव्या आल्या की जुन्यांची वाट कोण बघतं? मंडळात कुजबुज सुरू झाली. एवढं धुवायचं, उकळायचं, हातगाडी फिरवायची, आणि निम्म्याहून जास्त फोडायचंच असेल तर हा खटाटोप हवाय कशाला? पूर्वीचा खड्डा काय वाईट होता? त्यातच भट्टीचा माणूस फुटकी काच न्यायला आला आणि बोलून गेला, "हल्ली तुमचा माल हलका झालाय. पूर्वीपेक्षा कमीच निघतो."

सरबतवाल्या भाऊंनी ते ऐकलं. फोड म्हटलेल्या बाटल्या वाढल्यात आणि फुटलेली काच मात्र घटलीय. मग मधल्यामधे जातं काय? त्यांनी उघड नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "बाटल्यांना पाय फुटले असतील."

त्याच सुमारास घरी एक गोष्ट घडली. मी बाहेरून आले तर जिन्यातच दूध करपल्याचा वास. धावत वर गेले. शेगडीवर पातेलं काळं पडत होतं, धूर छताला लागला होता, आणि जाऊबाई तिथेच, हाताच्या अंतरावर, माझ्याकडे पाठ करून बटण शिवत बसल्या होत्या. मी ओरडले तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. "अगं बाई, दूध!" म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात दुधाची हळहळ नव्हती, चोरी पकडली गेल्यासारखी भीती होती. लगेच त्या म्हणाल्या, "सर्दी झालीय मला." मी पातेलं घासायला घेतलं. सर्दी नव्हती. सर्दी झाली की त्या घर डोक्यावर घेतात, सगळ्यांना काढे करायला लावतात.

तेव्हाही मी सगळं एकत्र जोडलं नाही. माझ्या डोक्यात सरबतवाल्यांचे शब्द होते. मग एका दुपारी मला दिसलं की खुंटीवरच्या भावजींच्या जुडग्यातली एक किल्ली गायब आहे. कारखान्याच्या मागे एक खोली आहे. पूर्वी तिथे बर्फ झाकायचा लाकडाचा भुसा ठेवायचे. तिचीच किल्ली. घरच्याच माणसावर संशय घ्यायचा म्हणजे काय असतं, ते ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

त्या दिवशी मी शेडमधून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. ऊन अजून होतं. पिंपात काही बाटल्या फुटल्याचा आवाज आला, थोड्याच. मग जाऊबाई एक पेटी कमरेवर घेऊन कारखान्याच्या मागे गेल्या. मी त्यांच्यामागे. भुशाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत त्या खाली बसून एकेक बाटली भुशात उभी करत होत्या. भिंतीपासून दारापर्यंत नुसत्या बाटल्याच बाटल्या. आणि प्रत्येकीला झाकण घट्ट बसवलेलं.

"कुणाला विकताय?" मी विचारलं.

त्या दचकल्या नाहीत. हातातली बाटली त्यांनी नीट ठेवली, भुसा झटकला आणि म्हणाल्या, "विकत नाही. ठेवल्यात."

"कशासाठी?"

"नाक आलं की हुंगीन."

मला पटकन कळलंच नाही. त्यांनीच सांगितलं. ताप उतरला आणि नाकातलं सगळं गेलं. नुसतं कमी झालं नाही, गेलं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, येईल कधीतरी, वाट बघा. कधी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग त्या वाट बघत होत्या. ज्या बाटलीची शंभर टक्के खात्री, म्हणजे ज्या दुकानाची पेटी, त्याच दुकानाचा कागद आणि त्याचाच चिकटा, तेवढीच त्या पुढे जाऊ द्यायच्या. थोडी जरी शंका आली की फोड. पण शंकेखातर चांगली काच फोडायला हात धजेना. म्हणून वास उडून जाऊ नये असा झाकणाखाली कोंडून ठेवला होता, नाक परत येईल त्या दिवसासाठी.

मी भुशातच बसले. आधी संशय फिटल्याचं हसू आलं, मग हसायची लाज वाटली.

"अहो, मग सांगायचंत की!"

"काय सांगू? आणि सांगून मी कोण राहते गं?" त्या म्हणाल्या. "त्या घरात मी नाक खुपसणारी. इथे मला खुर्ची आहे. लोक थांबतात माझ्या शब्दासाठी. घरात मी चाचपडत असते, तुला माहितीये? आधी तू जिन्यात असायचीस तेव्हाच मला कळायचीस. हे बाहेरून आले की कुठून आले ते कळायचं. आता माणसं एकदम समोर उगवतात. मला माझाच वास येत नाही. कधी कधी वाटतं, मी आहे की नाही."

मी त्यांचा हात धरला. आमच्यात तशी पद्धत नाही, पण धरला. आणि मला जे सुचलं ते बोलून टाकलं. "हे बघा, मी तुमच्या शेजारीच असते ना? बाटली आधी माझ्या हातात येऊ दे. मी गुपचूप हुंगते आणि टेबलाखालून पायानं खुणावते. तुम्ही फक्त बोला. कुणाला पत्ता लागणार नाही."

मोह झाला होता त्यांना, मी पाहिला. मग त्यांनी मान हलवली. "आणि तुझं चुकलं तर? तुला साबण आणि चादर कळत नाही. सरबत पोरं पितात गं."

साबणाची वडी त्यांच्या अजून लक्षात होती. त्याही वेळी मला त्यांचा राग आला, आणि तो आल्यामुळे जरा बरंही वाटलं.

मंडळ शेडमध्येच जमलं. तेलवाले काका, सरबतवाले भाऊ, मधवाली, रंगवाले, औषधवाले, सगळे हात पाठीमागे बांधून ओल्या फरशीवर उभे. काकांचा आवाज पडलेला होता. ते म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण असं चालवता येत नाही. पुढच्या महिन्यापासून बंद करू. खड्ड्याच्या गाडीवाल्याला कळवलंय." त्यांच्या दुकानातल्या, तळवा चिरलेल्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ओढणीत हात गुंडाळून घेतला.

"बंद करायच्या आधी बाटल्या कुठे गेल्या ते तरी कळू दे," सरबतवाले म्हणाले. "मी कुणावर आळ घेत नाही. पण फोडायला गेलेली बाटली भट्टीला मिळत नाही, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल."

सगळे जाऊबाईंकडे बघत होते, आणि बघत नसल्याचं दाखवत होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझं मनगट दाबलं. मला वाटलं, आता या गप्प बसणार. चोर म्हणवून घेतील, पण नाक गेलं म्हणायच्या नाहीत. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता.

त्या खुर्चीवरून उठल्या आणि रंगवाल्यांना म्हणाल्या, "तुमच्या पेटीतली टर्पेंटाइनची बाटली द्या बरं. अर्धी भरलेली आलीय ती."

रंगवाल्यांनी दिली. झाकण उघडताच आम्ही सगळे मागे सरलो. मधवालीनं पदर नाकाला लावला. जाऊबाईंनी पद्धतीप्रमाणे श्वास बाजूला सोडला, बाटलीचं तोंड नाकाखाली धरलं आणि छाती भरून आत ओढलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चेहऱ्यावरची सुरकुती मात्र हलली नाही. पुन्हा ओढलं.

"बाई, पुरे!" काका म्हणाले.

"डोळ्यांना झोंबतंय," त्या म्हणाल्या. "नाकाला पत्ता नाही. तापात माझं नाक गेलं. तेव्हापासून मी तुम्हाला फसवतेय. पण बाटली एकही विकली नाही, आणि शंकेची एकही पुढे जाऊ दिली नाही. चला, दाखवते."

आम्ही सगळे त्यांच्यामागून भुशाच्या खोलीकडे गेलो. दार उघडल्यावर उन्हात त्या सगळ्या बाटल्या एकदम चमकल्या आणि काका "अरे देवा" म्हणाले. जाऊबाईंनी त्या का ठेवल्या ते सांगितलं. नाक आल्यावर हुंगायला, एवढंच. नाक येईल याची त्यांना खात्री होती म्हणून इतक्या ठेवल्या, की नव्हती म्हणूनच, हे मला आजही सांगता येणार नाही.

सरबतवाले भाऊ उभे होते तिथेच गुडघ्यांवर बसले. माफी बिफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी जवळची एक बाटली घेतली, झाकण फिरवलं, हुंगली. "मध," ते पुटपुटले. दुसरी घेतली. "तेल. चांगली आहे." तिसरी. "हीपण चांगली आहे." प्रत्येक बाटलीला त्यांचा आवाज खाली खाली जात होता. मग मधवाली बसली, मग काका, मग औषधवाले. बाजारातली ती सगळी प्रतिष्ठित मंडळी भुशात फतकल मारून बाटल्या हुंगत होती. एका बाटलीला सरबतवाल्यांना जोरात ठसका लागला, डोळे पांढरे झाले. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "फोड." सगळे खो खो हसले. भाऊसुद्धा.

"श्वास आधी बाहेर सोडा, भाऊ," त्या म्हणाल्या. "नाहीतर मागच्या बाटलीचा वास पुढचीला लागतो." त्यांनी लगेच तसं केलं.

योजना बंद झाली नाही. काकांनी तिथेच, कपड्यांवरचा भुसा न झटकता सांगितलं की एका बाईच्या नाकावर सगळा बाजार टाकणं ही मुळात आपलीच चूक. आता गिऱ्हाईक बाटली परत घेऊन आलं की दुकानदारानं गल्ल्यावरच ती हुंगायची आणि शंका आली तर बाटलीच्या मानेला दोरा बांधायचा. शेडमध्ये पुन्हा एकदा हुंगून मगच ती धुवायची. हे अजून चालतं. तुम्ही आमच्या बाजारात आलात तर चांगले शिकलेसवरलेले दुकानदार डोळे मिटून बाटलीत नाक घालताना दिसतील. दचकू नका.

पण शेडमध्ये कोण हुंगणार, हे राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन माझ्या जागी गेले, तर जाऊबाई खुर्चीवर नव्हत्या. त्यांनी ती उचलून माझ्याजवळ आणली आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"बस," म्हणाल्या.

"मी? अहो, मला साबण आणि चादर—"

"कसंही असलं तरी नाक आहे ना तुला? बस."

मी बसले. गादी त्यांच्या आकाराची झाली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "आता रडून नाक चोंदवू नकोस. काम पडलंय."

माझं नाक अगदीच सामान्य निघालं. मी म्हणायचे, "काहीतरी उग्र आहे." त्या विचारायच्या, "उग्र म्हणजे कसं? घशात उतरतं की डोळ्यांत चढतं?" मी म्हणायचे, "कपाळात जातं." "मागून गोडसर येतं का?" "हो." "मग झुरळांचं औषध. फोड." असं आमचं सुरू झालं. वास मी सांगायचा आणि नाव त्यांनी द्यायचं. वेळ लागायचा, पण निभावत होतं. घरीही त्यांना सवय लागली. जेवताना मध्येच विचारतात, "आज ह्यांच्या सदऱ्याला कशाचा वास आहे गं?" मी हुंगते आणि म्हणते, "सिगरेट." भावजी ताटावरून उठतात. "आणि माझ्या केसांचा?" त्यांनी एकदा विचारलं. मी जवळ जाऊन सांगितलं, शिकेकाई आणि थोडा धूर. त्या हसल्या. "मी आहे म्हणजे."

भुशाच्या खोलीतल्या बाटल्या आम्ही रोज थोड्या थोड्या आणून संपवल्या. बहुतेक चांगल्या होत्या. त्या भरून कधीच्या बाजारात गेल्या. शेवटी एकच राहिली, कोपऱ्यात भुशात अर्धी पुरलेली. जाऊबाईंनी ती पुसून माझ्या हातात दिली. मी श्वास बाहेर सोडला, झाकण काढलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"काय येतं?"

"काहीच नाही."

"नीट बघ. कपाळात, घशात?"

"नाही हो. खरंच कसलाच वास नाही. एकदम कोरी आहे."

त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि बाटली माझ्याकडून घेतली. श्वास बाजूला सोडला. बाटलीचं तोंड नाकाखालून एकदाच फिरवलं, डोळे मिटले. पूर्वीसारखंच, सावकाश. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, शब्दाची वाट बघत.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "कसलाच नाही. गरम पाण्यातून काढली की झालं."

आणि ती बाटली त्यांनी आपल्या हातानं 'गोड'च्या पेटीत ठेवली.